केले, करीत, करतील

सत्तरीच्या उंबरठ्यावर उभे राहून एखादी परकी भाषा शिकावयास घेणे हा उद्योग आमच्या कसालसारख्या गावात थोडा हसण्यावारी जाणारच. मुंबई-गोवा महामार्गाला मालवणचा रस्ता जेथे फुटतो ते हे गाव. तिठ्यावर उतरणारा प्रवासी बहुधा पुढच्या गाडीची वाट पाहत असतो. इथे मुद्दाम थांबणारा विरळा. अशा ठिकाणी मराठीची एक निवृत्त शिक्षिका ओटीवर बसून वहीत स्पॅनिश क्रियापदांची रूपे लिहिते आणि ती मोठ्याने म्हणते, ही बातमी वाडीत पसरावयास वेळ लागला नाही. "बाईनू, ह्या वयात खयची परीक्षा देतास?" असे एका शेजारणीने विचारलेही.

परीक्षा कसलीच नव्हती. माझी मुलगी प्रवासी जहाजावर नोकरीला होती, तेथेच तिचा पुढे विवाह जमला, आणि आता ती स्पेनच्या नाव्हारा प्रांतात पांप्लोना शहरी नांदते आहे. नातू सहा वर्षांचा. ती त्याच्याशी नेमाने मराठी बोलते, आणि त्याला ते सारे समजते; परंतु उत्तर देताना त्याच्या तोंडून स्पॅनिशच बाहेर पडते. आठवड्यातून दोनदा रात्री नऊच्या सुमारास फोनच्या पडद्यावर आमची गाठ पडते. त्यांचे घड्याळ आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन व हिवाळ्यात साडेचार तासांनी मागे असते, म्हणजे त्या वेळी तो शाळेतून घरी आलेला असतो. माझा प्रश्न मराठीत, त्याचे उत्तर स्पॅनिशमध्ये आणि मध्ये मुलगी दुभाषी, असा संसार दोन वर्षे चालला. पण दुभाष्याच्या तोंडून आलेले बोलणे दुसऱ्याच्या ताटातून उचललेल्या घासासारखे असते. पोट भरते, चव कळत नाही. जावयांनी पाठविलेले एक व्याकरणाचे पुस्तक घरात होतेच. ते मी एका पावसाळ्यात उघडले.

आरंभ सुखाचा होता. आपल्या घरांत पोर्तुगीज शब्द पिढ्यानपिढ्या वावरत आले आहेत, आणि स्पॅनिश ही तर पोर्तुगीजची सख्खी बहीण. आपला पाव तिकडे 'पान' होतो, चावी 'याबे' होते, इगर्ज 'इग्लेसिया' होते, आणि पगार हा शब्द तर 'पैसे देणे' या अर्थाचे क्रियापद म्हणून जसाच्या तसा भेटतो. 'पोदेर' हा शब्द पहिल्यांदा दिसला तेव्हा मात्र हसू आवरेना. आपल्या कोंकणीत पोदेर म्हणजे पाव भाजणारा. स्पॅनिशमध्ये पोदेर म्हणजे शकणे, समर्थ असणे. पहाटे चार वाजता भट्टी पेटविणाऱ्या माणसाला हे नाव काही वावगे नाही.

नियमित क्रियापदे सरळ निघाली. त्यांचे तीनच गट. 'आर', 'एर' आणि 'इर' हे शेवट काढावेत व ठरलेले प्रत्यय लावावेत. खरी परीक्षा पुढे होती. असणे, जाणे, येणे, करणे, देणे, सांगणे, ठेवणे, जाणणे, शकणे: ज्या क्रियापदांवाचून घरातले एक वाक्यही पुरे होत नाही, नेमकी तीच सारी भूतकाळात वेडीवाकडी वागतात. 'आथेर' म्हणजे करणे. पण 'मी केले' हे 'ईथे'. 'पोनेर' म्हणजे ठेवणे. 'मी ठेवले' हे 'पुसे'. 'साबेर' म्हणजे ठाऊक असणे. 'मला कळले' हे 'सुपे'. 'बेनिर' म्हणजे येणे. 'मी आले' हे 'बिने'. वरवर पाहता धातूचा आणि रूपाचा काही संबंधच उरत नाही. मी या रूपांशी आपल्या परीने सोयरीक जमविली. 'ईथे'ला आपला 'इथे' चालतो, 'पुसे' म्हणजे जुन्या मराठीत 'विचारी', आणि 'सुपे' तर आमच्या पडवीत टांगलेलीच आहेत. भविष्यकाळातले 'मी करीन' हे 'आरे' असे आहे. ते तर दिवसातून पन्नास वेळा आपण उगाचच म्हणत असतो. (दक्षिण अमेरिकेत या 'थ'चा 'स' करतात, तेव्हा तिकडच्या वाचकांना 'इथे'चा उपयोग व्हावयाचा नाही.)

आपण मराठीच्या लोकांनी मात्र या गोष्टीचे नवल करू नये. पस्तीस वर्षे मी मुलांना मराठी व्याकरण शिकविले. 'कर'चे 'केले', 'जा'चे 'गेला', 'ये'चा 'आला', 'मर'चा 'मेला', 'हो'चा 'झाला' हे फळ्यावर लिहिताना ते विचित्र आहे असे एकाही मुलाला वाटले नाही. आमच्या मालवणीत तर 'आलो'चे 'इलंय' होते, त्यालाही कोणी हसत नाही. बोलावयास नुकत्याच लागलेल्या बाळांना तेवढे ते खटकते. माझी मुलगी तीन वर्षांची असताना "मी करलं", "बाबा येला" असे म्हणे. बसला, उठला, पडला, मग येला का नको? तिचे चिरंजीव आज पांप्लोनात तेच करतात. 'मला ठाऊक आहे' याला स्पॅनिशमध्ये 'से' म्हणतात. हा 'साबो' म्हणतो. 'ठेवले' याला 'पुसो'. हा 'पोनियो' म्हणतो. ऐकलेले जशास तसे म्हणणाऱ्या पोपटाकडून असे कधी होत नाही. नियम ज्याला कळला आहे त्यालाच तो जास्तीचा लावता येतो, आणि म्हणून मी त्याला सुधारावयास कधी जात नाही. ते काम त्याच्या बाईंचे.

या वाकडेपणाचे कारण शोधू गेले तर दोन्हीकडे एकच सापडते. आपला 'गेला' हा 'जा' धातूतून निघालेलाच नाही. तो संस्कृत 'गत'वरून आला. 'केला' हा 'कृत'वरून, 'मेला' हा 'मृत'वरून. स्पॅनिशचे तसेच. लॅटिनमधील 'फेकी'चे 'ईथे' झाले, 'दिक्सी'चे 'दिखे', 'वेनी'चे 'बिने', 'पोतुई'चे 'पुदे'. माझे वडील लहानपणी मिस्साला वेदीसेवक असत, आणि 'दिक्सित' म्हणजे 'तो म्हणाला' एवढे लॅटिन त्यांना शेवटपर्यंत पाठ होते. ते माझ्या वहीत डोकावले असते तर 'दिखे' त्यांनी ओळखले असते. क्वचित लागणारी क्रियापदे काळाच्या ओघात नियमाच्या रांगेत जाऊन बसतात, कारण त्यांची जुनी रूपे आठवणीत राहत नाहीत. रोज लागणारी मात्र आजीच्या तोंडून आईकडे व आईच्या तोंडून मुलाकडे अशी तापलेली असतानाच जातात. त्यांना नियमाची गरज भासत नाही.

या बाबतीत मला वारंवार स्टीफन्स पाद्रींची आठवण होते. 'ख्रिस्तपुराणा'चे कर्ते म्हणून आपण त्यांना ओळखतो. 1579 साली हा इंग्रज येशूसंघीय गोव्यास उतरला, आणि 1619 साली निवर्तला तो इकडेच. 1583 मध्ये भावाला लिहिलेल्या पत्रात, इकडच्या भाषांची घडण ग्रीक व लॅटिनशी मिळतीजुळती आहे असे त्यांनी नोंदविले आहे. युरोपातील विद्वानांनी हा संबंध शास्त्र म्हणून मांडला तो त्यानंतर दोन शतकांनी. त्यांनी आपल्या कोंकणीचे व्याकरण पोर्तुगीजमध्ये लिहिले. त्यात दियोगो रिबेरो यांनी भर घातली, आणि 1640 मध्ये, म्हणजे स्टीफन्सच्या पश्चात एकवीस वर्षांनी, ते रायतूर येथे छापले गेले. भारतीय भाषेचे छापून निघालेले पहिले व्याकरण म्हणून त्याची नोंद होते. साष्टीच्या एखाद्या पडवीत बसून 'वचप' म्हणजे जाणे आणि तरीही 'गेलो', 'येवप' म्हणजे येणे आणि तरीही 'आयलो', ही रूपे त्यांनी प्रथम ऐकली असतील तेव्हा त्यांच्या कपाळावरही आठी पडलीच असेल. त्यांना सांगावयास पुस्तकही नव्हते. पुस्तक त्यांनाच करावयाचे होते.

आणि ज्या प्रांतात माझा नातू वाढतो आहे तो संत फ्रान्सिस झेवियर यांचाच. पांप्लोनापासून सुमारे पन्नास किलोमीटरवर खाबिएरचा किल्ला आहे. 1506 साली ते तेथे जन्मले, आणि गावाचे ते नाव आपल्याकडे 'झेवियर' होऊन पोचले. दर वर्षी मार्चमध्ये नाव्हाराचे लोक तेथे पायी जातात. मुलगीही गेल्या वर्षी गेली. आम्ही येथून तीन डिसेंबरच्या सणाला जुन्या गोव्यास जातो, ती तेथून त्यांच्या जन्मघरी. 1542 साली भारतात आल्यावर मोत्यांच्या किनाऱ्यावरील लोकांसाठी त्यांनी प्रार्थना तमिळमध्ये करवून घेतल्या व त्या तोंडपाठ केल्या. क्रियापदांनी त्यांनाही सुखाने झोपू दिले नसावे.

भविष्यकाळाचे प्रकरण त्या मानाने सुटसुटीत. अवघी बाराच क्रियापदे तेथे बिघडतात, आणि बिघडण्याची रीतही समजण्यासारखी आहे. पूर्वी 'येणे आहे', 'करणे आहे' अशा धाटणीने ते लोक पुढच्या गोष्टी बोलत. कालांतराने ते 'आहे' क्रियापदाला चिकटून गेले आणि भविष्यकाळाचा प्रत्यय झाले. स्पॅनिशमधील प्रेषितांच्या विश्वासांगीकारात प्रभूच्या पुनरागमनाविषयी आजही 'आ दे बेनिर', म्हणजे अक्षरशः 'येणे आहे', असेच शब्द आहेत; आणि मिस्साच्या मोठ्या अंगीकारात त्याच गोष्टीसाठी 'बेन्द्रा', म्हणजे 'येईल', असा एकच शब्द आहे. 'बेनिरा'चे घाईत 'बेन्रा' झाले, आणि 'न' व 'र' यांच्या मध्ये एक 'द' आपोआप शिरला. हा 'द' आम्हा कोकणवासीयांना नवा नाही. वानराचा वांदर त्यानेच केला, आणि तो वांदर आमच्या केळीच्या बागेत रोज सकाळी हजर असतो.

बारांपैकी अकरा क्रियापदे ताबडतोब उपयोगी पडली. बारावे 'काबेर', म्हणजे मावणे. हे एवढे मानाचे पान त्याला कशासाठी दिले असावे, असे मला वाटे.

या काळाचा आणखी एक उपयोग आहे, तो मला पुस्तकाआधी नातवाने दाखविला. "तिकडे किती वाजले असतील?" असे तो नेहमी विचारतो, आणि त्यासाठी भविष्यकाळच वापरतो. इंग्रजी शिकलेल्या माणसाला हे कोडे पडेल. मराठी माणसाला पडत नाही. 'आता ती घरी पोचली असेल', 'तो बाजारात असेल': आपणही अंदाजाला भविष्यकाळच लावतो. जे समोर दिसत नाही ते पुढे असो की आत्ता दुसऱ्या गावी असो, दोन्ही भाषा त्याला एकाच पंगतीत बसवितात. उलटी गंमत 'जाणे'-'येणे' यांची. हाक मारली की स्पॅनिश माणूस 'येतो' म्हणत नाही, 'जातो' म्हणतो. परवा मी नातवाला मराठीत हाक मारली तर कधी नव्हे ते मराठी उत्तर आले: "आजी, जातो!" आपल्याकडे घर सोडतानासुद्धा 'जातो' म्हणू नये, 'येतो' म्हणावे, अशी रीत. का, ते त्याला सांगणे अजून राहिले आहे.

कारण 'गेला' या शब्दाचे आपल्या भाषेत दोन अर्थ होतात. स्पॅनिशमध्ये तर त्याहून पुढची मजल आहे. 'सेर' म्हणजे असणे आणि 'इर' म्हणजे जाणे. या दोन क्रियापदांचा भूतकाळ एकच. 'फुए' म्हणजे 'तो होता' आणि 'फुए' म्हणजेच 'तो गेला'. कोणता अर्थ घ्यावयाचा ते पुढच्यामागच्या शब्दांवरून ठरते. वहीत ही दोन रूपावळी शेजारी शेजारी लिहिल्या त्या दिवशी पुढचा अभ्यास झाला नाही.

माझे यजमान 2020 च्या मे महिन्यात गेले. ते सुतार होते. फणसाच्या लाकडाचे काम त्यांच्या हातचे. दुखणे हृदयाचे होते, आणि ते एका रात्रीचे ठरले. मार्चच्या 23 तारखेपासून आपल्या देशात परदेशची प्रवासी विमाने उतरत नव्हती. स्पेनमध्येही माणसे घरात कोंडलेली होती. दफनविधीला वीसच माणसांची परवानगी होती. मुलीने शवपेटी पाहिली ती फोनवर, मांडीवर वर्षभराचे मूल घेऊन. त्यानंतर कितीतरी दिवस वाडीत एक वाक्य माझ्या कानांवर पडत असे: "एकुलती एक चेडू, पण बापाशीक माती देवक इली नाय." वाक्य खोटे नव्हते. आली नाही, हे खरेच होते. आपल्या भाषेतल्या त्या 'आली नाही'त, येता आले नाही आणि यावयाचे नव्हते, अशा दोन्ही गोष्टी मावतात, आणि ऐकणारा आपल्या मनाजोगती उचलतो.

स्पॅनिशमध्ये ही दोन क्रियापदे भूतकाळात वेगळी होतात, आणि नुसती वेगळी होत नाहीत, त्यांचे अर्थही टोकदार होतात. 'नो किसो' म्हणजे तिने नाकारले. 'नो पुदो' म्हणजे तिने धडपड केली आणि तिला जमले नाही. तसेच 'साबिया' म्हणजे तिला ठाऊक होते, पण 'सुपो' म्हणजे त्या क्षणी तिला कळले. हा पाठ आला त्या आठवड्यात मी मुलीशी पहिल्यांदाच तिच्या दुसऱ्या भाषेत त्या दिवसाबद्दल बोलले. दोनच शब्द बोलले: "नो पुदिस्ते." तुला येता आले नाही. ती बराच वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "आई, हे तू मराठीत कधी म्हणाली नव्हतीस." मराठीत ते म्हणता आले असतेच. परंतु मातृभाषेत अशा गोष्टी न बोलता समजल्या आहेत असे आपण धरून चालतो, आणि परक्या भाषेत प्रत्येक शब्द निवडूनच घ्यावा लागतो.

भूतकाळाचे दोन प्रकार, हा स्पॅनिशचा अखेरचा उंच चढ. एक, होऊन संपलेल्या गोष्टीचा. दुसरा, होत असलेल्या, होत राहिलेल्या गोष्टीचा. 'ईथो' म्हणजे केले. 'आथीया' म्हणजे करी, करीत असे. परदेशी विद्यार्थी यात वर्षानुवर्षे अडखळतात असे पुस्तकाच्या प्रस्तावनेत म्हटले आहे. आपल्याकडे रीतिभूतकाळ आहे हे लेखकाला कोठून माहीत असणार? 'तो पहाटे उठे, ओहोळावर जाई, दिवस वर येईपर्यंत रंधा मारीत बसे': हा आपला जुना, ग्रंथांतला भूतकाळ बोलण्यातून आता जवळजवळ गेला आहे. शाळेत मी तो पाच गुणांसाठी शिकविला. या दुसऱ्या काळात बिघडणारी क्रियापदे तीनच आहेत: असणे, जाणे आणि पाहणे. 'एरा', 'इबा', 'बेइया'. तीन म्हणजे काहीच नव्हे.

गेल्या महिन्यात नातवाला फोनमधून ओटीवरची लहान खुर्ची दिसली. त्याची आई चार वर्षांची असताना ती तिच्यासाठी केलेली. फणसाची, आता मधासारख्या रंगाची झालेली, आणि तिला खिळा म्हणून नाही, लाकडात लाकूड बसविलेले. "किएन ला ईथो?" त्याने विचारले. ही कोणी केली? "तु आब्वेलो," मी म्हटले. तुझ्या आजोबांनी. खुर्ची एकदा केली, ती पुरी झाली. तेथे 'ईथो' बरोबर होते. मग त्याने विचारले, "कोमो एरा?" कसे होते? 'फुए' नाही, 'एरा'. सहा वर्षांचे मूल, 'साबो' आणि 'पोनियो' म्हणणारे. पण हे रूप त्याने न चुकता उचलले, कारण त्याच्या भाषेत माणसाविषयी, तो माणूस गेलेला असला तरी, असेच विचारतात. मी मुलीकडे न पाहता उत्तर दिले. ते खुर्च्या करीत. ते गाणे गुणगुणत काम करीत. दर रविवारी चालत मिस्साला जात, आणि येताना तिठ्यावरून माझ्यासाठी वर्तमानपत्र आणीत. माझी सारी क्रियापदे 'आथीया' आणि 'इबा' यांच्या रांगेतली होती. एकही गोष्ट संपलेली सांगावी लागली नाही.

ही मंडळी येत्या मे महिन्यात येणार आहेत. 'बेन्द्रेमोस' असे जावयांनी सांगितले. रोजच्या बोलण्यात स्पॅनिश लोक 'जाणे' क्रियापद जोडून पुढच्या गोष्टी सांगतात. हा एकशब्दी भविष्यकाळ शब्द देताना वापरतात, असे मुलीने समजाविले. यापूर्वी दोन मे महिने तसेच गेले आहेत, म्हणून हा फरक मी वहीत लाल शाईने लिहून ठेवला.

खुर्ची परत जाताना आपल्याबरोबर न्यावयाची, हे नातवाने त्याच रात्री ठरविले. आणि मग त्याने बारावे क्रियापद काढले. "काब्रा?" विमानात मावेल? मी यजमानांच्या पेटीतली टेप आणली आणि फोन खांबाला टेकवून त्याच्यासमोर मोजले: पाठ बावीस इंच, बैठक चौदा. विमानात किती सामान चालते ते पाहून कळविते, असे मुलगी म्हणाली. त्याला तेवढा धीर नव्हता. "सि, काब्रा," असे त्याने स्वतःच जाहीर करून टाकले. हा त्याचा अंदाज होता की निर्णय, ते त्या रूपावरून कळत नाही. आपल्या 'मावेल'वरूनही ते कळले नसते.